भुईमुगाच्या गाठी आणि माझं इंग्रजी



गेल्या वर्षभरात मला दहा-बारा जणींनी तरी एकच प्रश्न विचारला असेल. दशलक्षणात बस्तीच्या पायरीवर, भाचीच्या लग्नात, एकदा तर चक्क पिठाच्या गिरणीत. "तू इंग्रजी कुठं शिकलीस गं? क्लास लावलास?" क्लास लावला नाही. मुंग्या, बेडूक, उंबर आणि भुईमूग यांच्याकडून शिकते आहे. हे उत्तर ऐकून सगळ्या हसतात आणि विषय तिथंच संपतो. म्हणून आज नीट लिहायला बसले.

माझं शिक्षण बारावीपर्यंत, मराठी माध्यमातून. इंग्रजीत पास होण्यापुरते मार्क मिळायचे, तेही निबंध पाठ करून. लग्नानंतर त्याची गरज पडली नाही. ऊस, दोन म्हशी, एकत्र कुटुंब, सासूबाईंचं सोवळं आणि नेम-नियम यात इंग्रजीला जागाच नव्हती. कारखान्याची पावती आली तर ती मराठीत.

गरज पडली ती लेकीमुळे. ती पुण्यात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करते. रोज रात्री फोन करते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमचं बोलणं तीन प्रश्नांवर येऊन थांबलं होतं. जेवलीस का, किती वाजता झोपलीस, रविवारी येतेस का. दिवसभर लॅबमध्ये तू काय करतेस असं विचारलं की ती म्हणायची, "अगं आई, सगळे इंग्रजी शब्द आहेत, तुला कंटाळा येईल." तिच्या बोलण्यात तोरा नव्हता, उलट मायाच होती. तरी ते मनाला लागलं. जिच्या हाताला धरून 'मुंगी तीन इंद्रियांची, भुंगा चार इंद्रियांचा' पाठ करून घेतलं, तीच आता जीवशास्त्र शिकते आहे आणि आपल्याला त्यातलं अक्षर कळत नाही! आणखी पाच वर्षांनी तीन प्रश्नांचे दोन होतील, अशी भीती वाटायला लागली.

आधी मी सगळ्यांसारखे 'तीस दिवसांत इंग्रजी' वाले व्हिडिओ लावून पाहिले. हाऊ आर यू, आय ॲम फाइन. फाइन म्हणून झालं की पुढं बोलायला काही उरतच नाही. हॉटेलात जेवण कसं मागवायचं, विमानतळावर काय विचारायचं, हे मला काय कामाचं? मी ना हॉटेलात जेवते, ना विमानतळावर जाते. चार दिवसांत सोडून दिलं.

मग एकदा लेक सुट्टीला आली असताना तिनं मला एक चार मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. सॅन फ्रान्सिस्कोच्या केक्यूईडी या सार्वजनिक वाहिनीची 'डीप लुक' नावाची मालिका आहे, २०१४ पासून चालू असलेली. त्यात अगदी बारीक जीव इतके मोठे करून दाखवतात की मुंगीच्या पायावरची लव दिसते. मला वाक्यं कळली नाहीत, पण काय चाललंय ते सगळं कळलं. मुंगी पान कापते आहे, बाई म्हणते 'कट', मुंगी पान उचलते आहे, बाई म्हणते 'कॅरी'. शब्द आणि चित्र एकाच वेळी समोर. लहान मूल असंच शिकतं ना? आपण बाळाला 'काऊ' म्हणजे काय याची व्याख्या सांगत नाही, बोट दाखवतो.

तेव्हापासून हाच माझा क्लास. वेळ कुठून काढतेस, असं विचाराल. आपल्या घरांत सूर्यास्ताआधी जेवणं होतात, सात वाजता ओटा पुसून स्वयंपाकघर बंद. बाकीच्या बायका साडेआठला कणीक मळत असतात तेव्हा आपण मोकळ्या असतो. तो तास मी मालिकांना द्यायचे, आता इंग्रजीला देते.

पद्धत अगदी साधी आहे. चार-पाच मिनिटांचाच व्हिडिओ घ्यायचा, मोठा नाही. पहिल्यांदा आवाज बंद करून नुसता बघायचा, म्हणजे गोष्ट काय आहे ते कळतं. दुसऱ्यांदा आवाज आणि खाली इंग्रजी ओळी, वेग ०.७५ वर. त्या वेगाला बोलणारा माणूस थोडा झोपेत असल्यासारखा वाटतो, पण शब्द सुटे सुटे ऐकू येतात. तिसऱ्यांदा ओळी बंद करून फक्त कान. मग वहीत पाच शब्द, जास्त नाहीत. शब्दापुढं मी मराठी अर्थ लिहीत नाही, चित्र काढते. 'एग'पुढं अंडं काढायला मला सुरुवातीला जरा कसंसंच वाटलं, मग म्हटलं मुंगीचं अंडं आहे, कोंबडीचं नाही! दुसऱ्या दिवशी भांडी घासताना ते पाच शब्द मोठ्यानं म्हणायचे. आमच्या म्हशींना आता 'कॅटरपिलर' आणि 'टॅडपोल' हे शब्द पाठ असतील.

'टेड-एड'चे चित्रांचे व्हिडिओही चांगले आहेत, त्यात एका विषयावर चार-पाच मिनिटं बोलतात. ऐकायला सगळ्यात सोपं मला डेव्हिड ॲटनबरो यांचं वाटतं. हे गृहस्थ १९२६ सालचे आणि १९५० च्या दशकापासून बीबीसीवर निसर्गाबद्दल बोलत आले आहेत. इतकं सावकाश आणि शब्दागणिक थांबून बोलतात की प्रवचनाला बसल्यासारखं वाटतं. त्यांच्या लांब चित्रपटांचे तीन-चार मिनिटांचे तुकडे मिळतात, ते बघावेत. याउलट काही तरुण मुलं अशी काही फडाफडा बोलतात की वेग अर्ध्यावर आणला तरी मला 'सो' आणि 'ॲक्च्युअली' एवढंच सापडतं.

एक मात्र आधीच सांगते. या व्हिडिओंत सारखं कोणीतरी कोणाला तरी खात असतं. सिंह हरणामागं धावायला लागला की मी पुढं ढकलते. पण इंग्रजीत 'खातो' आणि 'खाल्ला जातो' यांतला फरक माझ्या डोक्यात कायमचा बसला तो यामुळंच. 'द फ्रॉग ईट्स' आणि 'द फ्रॉग इज ईटन बाय द स्नेक'. शाळेत सरांनी प्रयोग बदला, प्रयोग बदला म्हणून दोन वर्षं घासून घेतलं होतं, ते या बेडकानं एका संध्याकाळी शिकवलं. आणि एक गंमत सांगते. 'प्रे' असा शब्द सारखा यायचा. सापाचा प्रे, घुबडाचा प्रे. मला 'प्रे' म्हणजे प्रार्थना एवढंच माहीत. घुबड प्रार्थना कसली करतंय? खालच्या ओळी वाचल्या तेव्हा कळलं, उच्चार एकच पण स्पेलिंग वेगळं. पी-आर-ए-वाय म्हणजे प्रार्थना, पी-आर-ई-वाय म्हणजे ज्याची शिकार होते तो जीव. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या जपमाळ ओढता ओढता म्हणाल्या, "एका आवाजात दोन्ही ठेवलंय व्हय? भाषा करणाऱ्याला काय दया-माया न्हाई."

सासूबाई सुरुवातीला या प्रकाराच्या विरोधातच होत्या. मोबाइलला नव्हे, लेकीच्या शिक्षणाला. मायक्रोबायोलॉजी म्हणजे जिवाणू वाढवायचे आणि काम झालं की मारून टाकायचे, असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. "पाणी गाळून पिणाऱ्या घरातली पोर, आणि हे शिकती?" हे वाक्य त्या लेकीला म्हणत नसत, मला म्हणत. मला उत्तर देता येत नव्हतं, कारण लेक नेमकं काय करते हेच मला माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. लॅबमध्ये वापरलेल्या काचेच्या बशा ऑटोक्लेव्ह नावाच्या भांड्यात ठेवतात. तो म्हणजे आपला कुकरच. आत वाफ कोंडायची, १२१ अंश तापमान, पंधरा-वीस मिनिटं. असं का करतात, तर ते जिवाणू नळातून गटारात आणि तिथून माणसाजनावरात जाऊ नयेत म्हणून. हे मी सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं, गोड करून नाही. जीव मरतात हे खरंच आहे. त्यावर आमच्या घरात तीन दिवस चर्चा चालली. गृहस्थाला सुटते ती संकल्पी हिंसा. आरंभी, उद्योगी, विरोधी यांतून तो पूर्ण सुटू शकत नाही, हे आपण पाठशाळेपासून ऐकतो. मग हिचं कशात बसतं? आमचे हे म्हणाले, मी उसाची हुमणी मारतो ते कशात बसतं ते आधी सांगा. सासूबाईंनी निकाल दिला नाही. चातुर्मासात माताजी येतील तेव्हा विचारू म्हणाल्या. पण त्यानंतर 'जीव मारायला शिकती' हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत, एवढं खरं.

त्यांचं मन खरं वळलं ते उंबरानं. आपल्या आठ मूलगुणांत मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळं यांचा त्याग येतो. वड, पिंपळ, उंबर, सगळी त्याच गोतातली. का सोडायची, तर आत त्रस जीव असतात. उंबर फोडलं की केंबरं उडतात, हे आपण लहानपणी पाहिलेलं असतं. पण ती आत शिरतात कुठून? मी इंग्रजीत 'फिग' आणि 'वास्प' टाकून शोधलं. फिग म्हणजे ही सगळी अंजीर-उंबराची जात आणि वास्प म्हणजे गांधीलमाशीच्या कुळातली, चिलटापेक्षाही बारीक माशी. फळाच्या टोकाला जे बारीक छिद्र दिसतं त्यातून मादी आत घुसते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तुटून पडतात. आतल्या फुलांना ती दुसऱ्या फळातून आणलेले पराग देते, अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर पडतात, त्यांना पंखच नसतात. माद्यांशी मिलन झालं की ते फळाला बोगदा पाडतात आणि आतच संपतात. त्या बोगद्यातून माद्या पराग घेऊन उडतात, पुढचं फळ शोधायला. 'एंटर', 'विंग्ज', 'लेज एग्ज', 'डाइज', 'टनल'. एका व्हिडिओत माझे पाच शब्द पूर्ण झाले.

सासूबाईंनी तो तीनदा बघितला. मी ओळीओळीला मराठीत सांगत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "एका फळात जन्म, मरण, संसार, सगळं उरकतं बघ." बाजारातल्या अंजिराचं म्हणाल, तर आपल्याकडं ज्या जातीची लागवड होते तिला फळ धरायला या माशीची गरज नसते, हेही मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर, "असू दे, आपल्याला कुठं खायचंय."

इथं माझं एक मत सांगून ठेवते, पटेल न पटेल. 'विज्ञानानं आपला धर्म सिद्ध केला' असे जे निरोप मोबाइलवर फिरतात ते मी पुढं पाठवत नाही. पाठशाळेच्या भिंतीवर एक तक्ता असायचा, आठवतो? पाण्याचा एक थेंब, त्यात किडेच किडे आणि खाली आकडा, ३६,४५० जीव. मी थेंबाचे सूक्ष्मदर्शकातले व्हिडिओ आता कितीतरी बघितले. एखाद्या थेंबात झुंबड, एखाद्यात जवळपास काहीच नाही. डबक्याचं पाणी, विहिरीचं पाणी, नळाचं पाणी, प्रत्येकाचं निराळं. एकच आकडा सगळ्या थेंबांना कसा लागू होईल? पाणी गाळायला मला त्या आकड्याचा आधार लागत नाही. उलट मुंगीला आपण तीन इंद्रियांची म्हणतो आणि व्हिडिओत तिचे डोळे मोठे करून दाखवतात. तेही मी वहीत काढलं आहे, लपवलं नाही.

पण गाळण्याबद्दल एक गोष्ट कळली ती सांगितल्यावाचून राहवत नाही. रीटा कोलवेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात कॉलऱ्यावर काम केलं. कॉलऱ्याचे जिवाणू फार बारीक, कापडातून सहज जातात. पण ते पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात आणि ते किडे कापडात अडकतात. मग त्यांनी खेड्यातल्या बायकांना सांगितलं, जुनी सुती साडी चार ते आठ पदरी करून घागरीच्या तोंडाला लावा आणि पाणी भरा. ६५ गावं, सुमारे १,३३,००० माणसं. कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास २००३ साली छापून आला. नवी साडी नाही, जुनीच चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि भोकं बारीक होतात. मैत्रिणींनो, आपल्या आज्या गाळण्याला जुनं जाड सुती कापड दुहेरी करूनच घ्यायच्या! तरी दोन्हींतला फरक विसरू नये. त्या बायका गाळत होत्या ते माणूस वाचावा म्हणून. आपण गाळतो ते पाण्यातला जीव वाचावा म्हणून, म्हणूनच गाळण्यातली जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायची. कापड एक, हेतू दोन. 'फोल्ड' म्हणजे घडी हा शब्द मी त्या दिवशी शिकले, तो घडी घातलेल्या लुगड्यासकट डोळ्यांपुढं येतो.

आता भुईमुगाचं. आपल्यातल्या प्रत्येकीला बाहेरच्या कोणीतरी कधीतरी विचारलेलं असतं, "बटाटा चालत नाही, मग जमिनीखालच्या शेंगा कशा चालतात?" शेतकऱ्याच्या घरातलीला याचं उत्तर येतं. शेंग मुळाला लागत नाही, फुलाला लागते. फूल वर येतं, सुकतं, मग त्याच्या बुडातून आऱ्या सुटतात आणि त्या वाकून मातीत शिरतात. आऱ्या धरायला आम्ही पिकावरून रिकामं बॅरल फिरवतो. इंग्रजीत या आरीला 'पेग' म्हणतात, खुंटी म्हणावं तसं. तो व्हिडिओ बघताना मला पहिल्यांदा एकही शब्द अडला नाही, कारण सगळं पायाखालचंच होतं.

त्या व्हिडिओच्या शेवटी मुळांवरच्या गाठी दाखवल्या. 'नोड्यूल्स'. भुईमूग उपटला की मुळाला मोहरीएवढ्या गाठी असतात, आपण त्या झटकून टाकतो. त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात, हवेतला नायट्रोजन घेऊन रोपाला देतात आणि रोप त्यांना साखर देतं. गाठ कापली आणि आतून गुलाबी निघाली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर बंद. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्याच एका पदार्थाचा असतो. हे मी दोनदा मागं घेऊन ऐकलं, कारण खरं वाटेना.

आणि रायझोबियम हे नाव मी लेकीच्या तोंडून ऐकलं होतं.

त्या रात्री फोन आला. जेवलीस का, झालं. मग मी विचारलं, "तुझ्या त्या नोड्यूल्स आतून पिंक निघाल्या का गं?"

फोनवर एवढा वेळ आवाज नाही की मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "आई, तुला कोणी सांगितलं?" आणि तिथून जी बोलत सुटली ती पाऊण तास. दहा रोपांतल्या चार रोपांच्या गाठी पांढऱ्या निघाल्या होत्या, ती आठवडाभर त्याच काळजीत होती, मार्गदर्शक बाईंना सांगायची भीती वाटत होती. यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मी रोज रात्री तिला जेवलीस का विचारत होते आणि ती रोज हो म्हणत होती. मला त्या पांढऱ्या गाठींवर उपाय सांगता आला नाही. पण आमच्या वरच्या तुकड्यात, जिथं युरिया जास्त पडतो तिथं, गाठी कमीच दिसतात, एवढं मी बोलले. ती म्हणाली, "बरोबर आहे, आयता नायट्रोजन मिळाला की रोप गाठी कमी धरतं. मी मातीच तपासून बघते."

मार्चमध्ये तिचं सेमिनार झालं, पंधरा मिनिटांचं, सगळं इंग्रजीत. कॉलेजनं ते ऑनलाइन ठेवलं होतं. मी आणि सासूबाई मोबाइल डब्याला टेकवून बसलो. सगळं कळलं म्हणाले तर खोटं होईल. आकडे, आलेख यात मी हरवले. पण 'रूट', 'सॉइल', 'पिंक', 'व्हाइट', 'फील्ड', 'फार्मर्स' हे ओळखीच्या माणसांसारखे भेटत गेले. शेवटी कोणी सरांनी तिला प्रश्न विचारला, तो मला उत्तराआधी कळला. मी सासूबाईंच्या कानात सांगितला. लेकीनं उत्तर दिलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "बरोबर दिलं काय?" मी म्हटलं, "बरोबर दिलं."

कोणाला सुरुवात करायची असेल तर आपल्या अंगणातल्या, शेतातल्या गोष्टीपासून करा. मुंगी, गोगलगाय, मधमाशी, भुईमूग, उंबर. जे आपल्याला आधीच माहीत आहे त्याचं इंग्रजी पटकन चिकटतं. समुद्राच्या तळातले मासे नंतर बघता येतील. आणि रेशमाचा मात्र तयारीनं बघा. 'ककून' आणि 'बॉइल' हे दोन शब्द कळल्यापासून मी माझा लग्नातला शालू नेसलेली नाही. त्याचं पुढं काय करायचं ते अजून ठरत नाही, त्यावर वेगळं लिहीन.

आज संध्याकाळी काजव्यांचा लावणार आहे. आमच्या ह्यांनाही बसायचं आहे म्हणे, पण त्यांची अट आहे की आधी हुमणीचा दाखवायचा. सासूबाई म्हणतात, आधी उंबराचा, परवा गल्लीतल्या काकूंना सांगताना मधलं थोडं विसरले.